मिंडो-तांदायापाचा शनिवार-रविवार: दोन दिवसांत काय पदरात पडतं आणि काय सोडून द्यावं

इक्वेडोरची राजधानी क्विटो. तिथून पश्चिमेला गाडीने दोन तास गेलं की अँडीजचा उतार ढगांत बुडालेला असतो. तांदायापाचं खोरं, बेयाविस्ता, नानेगालितोजवळचं पास दे लास आवेस, मिंडो गाव आणि त्याच्याही खालचं मिल्पे ही नावं जगभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी आहेत. ठरवलेल्या वर्तुळांत पक्षी मोजणाऱ्या ख्रिसमसच्या पक्षिगणनेत मिंडो-तांदायापाच्या वर्तुळाने अनेकदा जगात पहिला नंबर काढला आहे. क्विटोत दोन दिवस मोकळे मिळत असतील तर ते इथेच घालवावेत, असं आमचं स्वच्छ मत आहे.

मात्र हे दोन दिवस कसे वाटायचे, इथे बहुतेकांचं गणित चुकतं. यानाकोचा, बेयाविस्ता, मिंडो आणि मिल्पे असे उंचीचे चारही टप्पे अठ्ठेचाळीस तासांत कोंबले जातात. सकाळची सोन्यासारखी वेळ वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीत संपते आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचेपर्यंत पक्षी गप्प झालेले असतात. आमची शिफारस दोनच उंच्यांची आहे: शुक्रवारी रात्री मुक्कामाला पोहोचून अख्खा शनिवार बेयाविस्ता-तांदायापाला आणि रविवारची सकाळ पास दे लास आवेसला. बाकीचं पुढच्या खेपेला.

उंचीला इतकं महत्त्व का, ते आधी पाहू. प्रशांत महासागरावरून येणारी दमट हवा या उताराला धडकून वर चढते, थंड होते आणि तिचे ढग होतात. शंभर मीटर चढलं की तापमान साधारण अर्ध्या ते पाऊण अंशाने उतरतं. त्यामुळे पाचशे मीटरच्या फरकाने झाडं बदलतात, शेवाळाची जाडी बदलते, किडे बदलतात आणि पक्षीही बदलतात. प्लेट-बिल्ड माउंटन टूकन हा निळ्या छातीचा देखणा पक्षी बेयाविस्ताच्या उंचीवर भेटतो. मिंडो गावात तो शोधण्यात अर्थ नाही. उलट चोको टूकन खालच्या उबदार जंगलातला. तो बेयाविस्ताला दिसणार नाही. तलवारीएवढ्या चोचीचा सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड पाहायचा तर आणखी हजारभर मीटर वर चढावं लागतं. यादी हातात घेऊन पक्ष्यांमागे धावण्यापेक्षा एक उंची धरून बसलं तर तिथले पक्षी आपसूक समोर येतात. इक्वेडोरमध्ये १६०० हून अधिक जातींची नोंद आहे. दोन दिवसांत त्यातल्या किती दिसतील, हा हिशेब डोक्यातून काढून टाकलेला बरा.

दिवसाचं वेळापत्रकही ढगच ठरवतात. विषुववृत्त जवळच असल्याने बारा महिने सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी त्याच सुमारास मावळतो. पहाटे खोरं बहुधा मोकळं असतं. दहा-अकरानंतर खालून धुकं चढायला लागतं. दुपारी एक ते तीन पाऊस किंवा दाट ढग हे गृहीतच धरायचं. कधी कधी साडेतीन-चारला पुन्हा उघडतं आणि तासाभर चांगले पक्षी दिसतात. म्हणून शनिवारी सकाळी क्विटोहून निघणारी सहल आम्ही कुणालाही सुचवणार नाही. पाचला निघालं तरी पोहोचायला सात-साडेसात होतात, म्हणजे दिवसातला सर्वांत मोलाचा तास हातचा गेलेला असतो.

जाण्यासाठी गाडी आणि चालक ठरवणं सर्वांत सोयीचं. क्विटोच्या ला ओफेलिया टर्मिनलवरून फ्लोर देल वाये या कंपनीच्या बस थेट मिंडोला जातात, पण त्या मिंडो गावात सोडतात. बेयाविस्ता महामार्गापासून बरंच वर, कच्च्या रस्त्यावर आहे. बसनेच जायचं असेल तर नानेगालितोला उतरून तिथून कामियोनेता, म्हणजे मागे मोकळा हौदा असलेली भाड्याची पिकअप, ठरवावी. अंधार पडल्यावर ती मिळेलच याची खात्री नसते, म्हणून उजेडात पोहोचा. विमानतळावरून थेट येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: विमानतळ क्विटोच्या पूर्वेला, ताबाबेलाला आहे आणि जंगल पश्चिमेला. मधलं शहर ओलांडण्यातच बराच वेळ जातो, त्यामुळे अडीच-तीन तास हाताशी ठेवा.

शुक्रवारची दुपार मोकळी असेल तर नव्या महामार्गाऐवजी नोनोवरून जाणारा जुना रस्ता घ्यावा. हा ‘पासेओ देल किंदे’ नावाने ओळखला जातो. बराचसा रस्ता कच्चा आहे आणि वेळ दुपटीने लागतो, पण ओढ्याकाठी थांबत गेलं तर पांढऱ्या टोपीचा डिपर आणि नशीब असेल तर खळाळत्या पाण्यात टॉरेंट डक ही बदकांची जोडी दिसते. मुसळधार पावसानंतर मात्र या रस्त्यावर दरडी येतात. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून रस्ता चालू आहे का ते विचारावं.

बेयाविस्ताचं राखीव जंगल सुमारे ७०० हेक्टरचं असून १४०० पासून २६०० मीटरपर्यंत पसरलेलं आहे. निवास साधारण २२०० मीटरवर, डोंगराच्या धारेवर आहे. धारेवर असण्याचा फायदा पहिल्याच सकाळी कळतो. रस्त्याच्या एका कडेला जमीन खाली तुटलेली असल्याने उतारावरच्या झाडांचे शेंडे थेट डोळ्यांच्या रेषेत येतात. सपाट जंगलात मान वर करून करून ती आखडते, तसं इथे होत नाही. टॅनेजर या छोट्या रंगीत पक्ष्यांच्या पाठीचे रंग इथे नीट पाहता येतात. खालून पाहिलं तर फक्त पोटं दिसतात आणि ओळख पटवणं अवघड जातं.

पहाटे पावणेसहाला निवासाच्या आवारातल्या दिव्यांजवळ उभं राहावं. रात्रभर दिव्यावर आलेले पतंग भिंतींवर आणि पानांवर चिकटून बसलेले असतात, आणि उजेड फुटताच पक्षी ते टिपायला येतात. मास्क्ड ट्रोगन, स्ट्राँग-बिल्ड वुडक्रीपर, टर्क्वॉइज जे ही मंडळी एरवी झाडीत आत राहतात. इथे ती पाच-सात मीटरवर येऊन बसतात. हा खेळ अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. नाश्ता त्यानंतर. कॉफीसाठी थांबलात तर हे हुकलंच समजा.

सात ते साडेदहा हा मिश्र थव्यांचा वेळ. एकाच थव्यात वीस-पंचवीस जातींचे पक्षी अन्न शोधत पुढे सरकत असतात: गोल्डन टॅनेजर, बेरिल-स्पँगल्ड टॅनेजर, ब्लू-विंग्ड माउंटन टॅनेजर, सोबत फ्लायकॅचर, स्पाइनटेल, वुडक्रीपर. पहिल्यांदा हे पाहणारा गांगरतो. दुर्बीण इकडून तिकडे फिरवत राहतो आणि थवा निघून गेल्यावर एकही पक्षी धड पाहिलेला नसतो. यावरचा उपाय साधा आहे. थवा कुठल्या दिशेने सरकतोय ते आधी नुसत्या डोळ्यांनी पाहा, वीस-तीस पावलं पुढे जाऊन उभे राहा आणि एक पक्षी निवडून त्याचं डोकं, पंखावरचे पट्टे आणि बूड एवढं पूर्ण पाहून झाल्याशिवाय दुसऱ्याकडे दुर्बीण वळवू नका. थवा पाच-दहा मिनिटांत जातो, पण बहुतेक वेळा तासा-दीड तासाने त्याच वाटेने परत फिरतो. जंगलात घुसून त्याच्या मागे जाऊ नका. पायवाटा उभ्या आणि निसरड्या आहेत, आणि दाट झाडीतून पाच मीटरपलीकडचं काही दिसत नाही. रस्त्यावरूनच जास्त दिसतं.

टूकन बार्बेट हा इथला दुसरा मोठा आकर्षणबिंदू. लाल, निळा, पिवळा, राखाडी आणि काळा असे सगळे रंग अंगावर घेतलेला हा पक्षी नर-मादीच्या जुगलबंदीत ओरडतो, आणि तो घुमणारा आवाज खोऱ्याच्या पलीकडेही ऐकू जातो. आवाज जवळून आला तर फळं लागलेलं झाड शोधा आणि तिथेच थांबा. टॅनेजर-फिंच मात्र फार कमी जणांना दिसतो. तो बांबूच्या गचपणात खाली राहतो आणि त्याच्यासाठी स्थानिक वाटाड्या लागतोच.

आता हमिंगबर्डांबद्दल. हे पक्षी फीडरवर, म्हणजे साखरपाण्याच्या टांगलेल्या भांड्यांवर, पाहणं म्हणजे बागेतलं मनोरंजन असं मानून काही जण तिथून पाच मिनिटांत उठतात. आमच्या मते दुपारचे दोन तास फीडरसमोर बसणं हा या सहलीतला सर्वांत शिकवणारा भाग आहे. धुकं पडल्यावर जंगलात काही दिसत नाही, पण फीडर चालूच असतात. बफ-टेल्ड कॉरोनेट हा इथला दादा. तो बसला की क्षणभर दोन्ही पंख वर उभे धरतो आणि मग मिटतो. लांबूनही एवढ्यावरून तो ओळखता येतो. एक फीडर ताब्यात घेऊन तो बाकीच्यांना हुसकावत राहतो. व्हायलेट-टेल्ड सिल्फची शेपटी त्याच्या अंगापेक्षा लांब, गडद निळी-जांभळी. बूटेड रॅकेट-टेल एवढासा असतो, पण त्याच्या पायांवर पांढऱ्या कापसाचे गोंडे आणि शेपटीच्या टोकाला दोन टिकल्या असतात. सगळ्यांत गमतीचा पर्पल-थ्रोटेड वुडस्टार: भुंग्यासारखा गुंगुं करत, संथ तरंगत येतो आणि मोठ्यांच्या भांडणात शिरून पिऊन जातो.

त्यांच्या गळ्याचा रंग पाहायचा असेल तर जागा विचार करून निवडा. हा रंग पिसांतल्या रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो, आणि ठरावीक कोनातूनच. उजेड तुमच्या पाठीमागे आणि पक्षी तुमच्याकडे तोंड करून असेल तरच गळा पेटल्यासारखा चमकतो. बाजूने पाहिलं तर तोच गळा काळा. आल्या आल्या रिकामी दिसेल ती खुर्ची पकडणाऱ्यांना अर्धा वेळ काळे पक्षीच दिसतात. फोटो काढणाऱ्यांनी फीडरवर नेम न धरता आजूबाजूची फांदी हेरावी. पक्षी पिऊन झाल्यावर दर वेळी त्याच फांदीवर जाऊन बसतो. उडताना पंख गोठवायचे तर शटर १/२००० च्या पुढे न्यावा लागतो आणि धुक्यात त्यासाठी आयएसओ ३२०० ते ६४०० पर्यंत जातो. थोडे अस्पष्ट पंख चालत असतील तर १/५०० पुरतो आणि फोटोला जिवंतपणाही येतो.

कुठल्याही निवासाची पारख फीडरवरून करता येते. एक भाग पांढरी साखर आणि चार भाग पाणी, एवढंच मिश्रण योग्य. लाल रंग घालायची गरज नाही, गूळ किंवा तपकिरी साखर त्यातल्या लोहामुळे नको, आणि मधात बुरशी धरते. पाणी गढूळ दिसलं, भोकांभोवती काळा थर दिसला किंवा आंबूस वास आला तर त्या जागी फीडर नीट धुतले जात नाहीत हे ओळखा आणि व्यवस्थापनाला तिथल्या तिथे सांगा. त्या बुरशीने पक्ष्यांच्या जिभेला संसर्ग होतो.

बेयाविस्ताला रात्री जेवण झाल्यावर लगेच झोपू नका. ओलिंगितो हा रॅकूनच्या कुळातला, मऊ तांबूस केसांचा प्राणी तिथे ठेवलेली केळी खायला येतो. तो स्वतंत्र जात असल्याचं २०१३ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. लाल प्रकाशाचा टॉर्च वापरा, पांढरा झोत डोळ्यांवर मारू नका. रोज येईलच असं नाही.

रविवारी पहाटे मुक्काम सोडून पास दे लास आवेस गाठायचं. तिथे साडेपाचच्या सुमारास हजर असावं लागतं, त्यामुळे साडेचारला गाडी दारात हवी आणि हिशेब आदल्या रात्रीच चुकता करून ठेवायला हवा. ही जागा आंहेल पास आणि त्यांच्या कुटुंबाची. पूर्वी शेती आणि लाकूडतोडीवर गुजराण होती. त्यांच्या जमिनीवर कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याच्या नरांचं नाचण्याचं ठिकाण सापडलं आणि पाहुणे यायला लागले. मग २००५ मध्ये त्यांनी जायंट अँटपिटा या जंगलाच्या तळाशी लपून राहणाऱ्या पक्ष्याच्या एका मादीला गांडुळं देत देत माणसांसमोर यायची सवय लावली. तिचं नाव त्यांनी ठेवलं मारिया. तोवर हा पक्षी पाहिलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

सकाळचा क्रम असा. अंधारातच पायऱ्या उतरून आडोशाशी जायचं आणि उभं राहायचं. उजाडायच्या आधीच कॉक-ऑफ-द-रॉकचे नर डुकरासारखे चीत्कार आणि घोगरे आवाज काढत जमतात. पश्चिम उतारावरचे नर रक्तासारखे लालभडक, पूर्व उतारावरचे नारिंगीकडे झुकणारे. मान खाली, पंख पसरलेले, फांदीवर उड्या आणि शेजाऱ्याला धमक्या असा कार्यक्रम सातपर्यंत रंगतो आणि हळूहळू ओसरतो. मादी तपकिरी असते, क्वचितच येते आणि आली की आवाज एकदम वाढतो, म्हणून आवाजाकडे कान ठेवा. पहिली वीस मिनिटं फोटोचा नाद सोडा. उजेड इतका कमी असतो की कॅमेऱ्याला काही धड मिळत नाही, आणि नाच मात्र त्याच वेळी सर्वांत जोरात असतो.

पुढचे दोन-तीन तास अँटपिटांसाठी. पायवाटेच्या एका वळणावर थांबून पास कुटुंबातला माणूस डब्यातली गांडुळं चिरून ओंडक्यावर किंवा पानावर ठेवतो आणि पक्ष्याला नावाने हाका मारतो: ‘मारिया, वेंगा, वेंगा!’ तुम्ही चार-पाच मीटर मागे, एका ओळीत, पुढचे खाली बसून. मग गवताआडून लांब पायांवर एक गुबगुबीत, शेपूट जवळजवळ नसलेला पक्षी टुणकन येतो, थबकतो, मान वाकडी करून पाहतो, गांडूळ उचलतो आणि पुन्हा थबकतो. एक-दोन मिनिटांत खेळ संपतो. छोट्या ओकर-ब्रेस्टेड अँटपिटाचं नाव शकिरा, कारण तो एका जागी उभा राहून कमरेपासून अंग डावी-उजवीकडे हलवतो, आणि डोकं मात्र जागच्या जागी ठेवतो. यलो-ब्रेस्टेड आणि मस्टॅश्ड हेही इथलेच. सगळे रोज येत नाहीत. विणीच्या दिवसांत किंवा भरपूर पाऊस होऊन जंगलात गांडुळं सहज मिळत असतील तेव्हा हाकांना प्रतिसाद कमी असतो.

इथे बिघडतं ते बहुतेक वेळा पाहुण्यांमुळेच. कुणी तरी पुढे सरकतं, ट्रायपॉडचा पाय आपटतो, जॅकेटची चेन वाजते, आणि पक्षी झाडीत गडप. फ्लॅश पूर्ण बंद, कॅमेऱ्याचा आवाज बंद, सरसर वाजणारा रेनकोट काढून ठेवलेला, हे वाटेवर उतरण्यापूर्वीच करून घ्या. जंगलाच्या तळाशी उजेड फार कमी असतो. १/१०० किंवा १/१२५ शटर, आयएसओ ६४०० आणि पक्षी थबकेल त्या क्षणी सलग चार-पाच फ्रेम, एवढ्यावर भागवावं लागतं. सकाळ संपता संपता तिथेच नाश्ता मिळतो. बोलोन, म्हणजे कुटलेल्या हिरव्या केळ्यांचा भरलेला गोळा, आणि करंजीसारखी भरलेली एम्पनादा. चार तास चिखलात चढउतार केल्यावर ते फारच रुचतं.

गांडुळं घालून पक्षी बोलावणं योग्य आहे का, यावर पक्षीनिरीक्षकांत वाद आहेत, आणि तो प्रश्न रास्त आहे. आमचं मत या जागेपुरतं बाजूने आहे. खाणं थोडं आणि ठरावीक वेळी दिलं जातं, पक्षी बाकी दिवस स्वतः अन्न शोधतो, आणि जी जमीन तोडून शेत झाली असती ती जंगल म्हणून उभी आहे. जायंट अँटपिटा धोक्यात असलेली जात आहे. तिच्यासाठी उभा राहिलेला एक डोंगरउतार ही छोटी गोष्ट नव्हे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला दहा-दहा मिनिटं नाचवणारे वाटाडे मात्र आम्हाला मान्य नाहीत. त्यात पक्ष्याला मिळत काहीच नाही. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चारा आणि पिल्लं सोडून धावत राहतो.

बाकीच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. यानाकोचा पिचिंचा ज्वालामुखीच्या अंगावर ३२०० मीटरच्या वर आहे, मुख्य वाट बरीचशी सपाट आहे आणि सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड तिथे फीडरवर येतो. क्विटोला येऊन एकच दिवस झाला असेल तर जाऊ नका. २८५० मीटरवरच्या क्विटोतच धाप लागते, तिथून आणखी वर चढलं तर डोकेदुखी आणि मळमळ ठरलेली. मिंडो सुमारे १२५० मीटरवर आहे, खाण्याराहण्याची सोय भरपूर आणि हवा उबदार. पण शनिवार-रविवारी क्विटोहून सहली येतात आणि गावाजवळच्या वाटा गजबजतात. तिथे राहायचं तर आडवारी.

मिल्पेसाठी मात्र जीव तुटतो. ११०० मीटरच्या आसपासच्या या छोट्या राखीव जंगलात क्लब-विंग्ड मॅनाकिनचे नर पंखांनी आवाज काढतात. पंखाच्या एका पिसाच्या कण्यावर खाचा असतात आणि शेजारच्या पिसाचं टोक त्यावर घासतं. त्यातून सुमारे १५०० हर्ट्झचा व्हायोलिनसारखा सूर निघतो. एवढ्यासाठी त्यांच्या पंखातलं एक हाडसुद्धा इतर पक्ष्यांसारखं पोकळ न राहता भरीव झालं आहे. तिसरा दिवस काढता आला तर सगळा मिल्पेला द्या. दोनच दिवस असतील तर रविवारी दुपारी ओढूनताणून तिथे जाऊ नका. पावसात मॅनाकिन गप्प असतात.

वाटाड्या घ्यावाच का? शनिवारी रस्त्यावरून स्वतः फिरता येतं, पण पहिल्यांदा येणाऱ्याने निदान एक सकाळ तरी स्थानिक वाटाड्या घ्यावा. इथे तीन-चतुर्थांश पक्षी आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. ठरवताना तीन प्रश्न विचारा: स्वतःची टेलिस्कोप आहे का, गटात जास्तीत जास्त किती जण, आणि गाडी तोच चालवणार की वेगळा चालक. सहाहून मोठ्या गटात मागच्याला अँटपिटा दिसत नाही. पहाटे तीनला उठलेला वाटाडाच संध्याकाळी घाटात गाडी चालवणार असेल तर ते धोक्याचं आहे. ‘दोन दिवसांत तीनशे जाती’ अशी जाहिरात दिसली तर समजून घ्या की त्यातल्या कितीतरी नुसत्या ऐकलेल्या मोजल्या जाणार आणि तुम्ही दिवसभर गाडीत बसणार.

दुर्बीण ८×४२ च असावी. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. १०×४२ मध्ये तो ४.२ वर येतो, आणि धुक्यात व अंधाऱ्या झाडीत हा फरक जाणवतो. ८×४२ मध्ये दृश्यक्षेत्रही मोठं मिळतं, त्यामुळे पळत्या थव्यात पक्षी लवकर सापडतो. किमान फोकस दोन-अडीच मीटरपर्यंत हवा, कारण हमिंगबर्ड तेवढ्या जवळ येतात. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण आतून धुकट होत नाही, पण बाहेरची काच होतेच. क्विटोच्या गारव्यातून किंवा गाडीतल्या एसीतून एकदम दमट हवेत काढली की काचेवर बाष्प धरतं. निघण्याआधी वीस मिनिटं ती गाडीच्या बाहेर, छपराखाली ठेवा. ओल्या शर्टाने पुसू नका; मातीचे कण काचेला ओरखडे पाडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा आणि मग कोरड्या मायक्रोफायबरने टिपा. असे तीन-चार रुमाल बंद पिशवीत ठेवा, कारण एक दुपारपर्यंत ओला होतो. रात्री दुर्बीण आणि लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा.

पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. अनेक निवासांत ते वापरायला मिळतात, पण तुमच्या मापाचे आहेत का ते आरक्षण करतानाच विचारा. डीट हे रसायन असलेलं, डास-किडे पळवणारं औषध लावल्यावर हात पुसल्याशिवाय दुर्बिणीला हात लावू नका. त्याने रबर आणि प्लास्टिक विरघळतं. लांब बाह्यांचा शर्ट अंगात असला तर ते फारसं लागतही नाही. रंग गडद हिरवा किंवा तपकिरी, आणि पांढरी टोपी अजिबात नको. पक्षी ओळखायच्या मर्लिन अ‍ॅपमधला इक्वेडोरचा संच क्विटोतच उतरवून घ्या, कारण खोऱ्यात नेटवर्क तुटक आहे. आवाजावरून ओळखण्याची त्यातली सोय मिश्र थव्यात आणि पानांवर पाऊस वाजत असताना गोंधळते. तिचं उत्तर अंतिम मानू नका.

हंगामाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर तुलनेने कोरडा. डिसेंबर ते मे पाऊस जास्त, पण सकाळी तेव्हाही उघडीप मिळते आणि पक्षी कमी होत नाहीत. वीज १२० व्होल्टची आणि प्लग दोन चपट्या पिनांचे. चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलर. खोऱ्यात रोख न्या, आणि तीही एक, पाच आणि दहाच्या नोटांत. वीसची नोट मोडणंही कधी कधी जड जातं. पास दे लास आवेसला आधी कळवल्याशिवाय जाऊ नका, आणि आरक्षण करताना मुक्कामाच्या आधी तिथली रविवारची सकाळ पक्की करा. ती मिळत नसेल तर शनिवार-रविवारची अदलाबदल करा.

इथे खर्च केलेला पैसा कुठे जातो, हेही सांगायला हवं. हा सगळा पट्टा २०१८ मध्ये युनेस्कोने जाहीर केलेल्या चोको अँदिनो जीवावरण राखीव क्षेत्रात मोडतो. २० ऑगस्ट २०२३ ला क्विटो महानगर जिल्ह्यातल्या मतदारांनी इथल्या धातूंच्या खाणकामाविरुद्ध कौल दिला, आणि सुमारे ६८ टक्के मतं बंदीच्या बाजूने पडली. खोऱ्यातल्या कुटुंबांना जंगल राखून पोट भरता येतं, हा त्या बाजूचा मोठा मुद्दा होता. म्हणून शक्य तिथे वाटाड्या, जेवण आणि गाडी खोऱ्यातलीच घ्या, आणि क्विटोहून सगळं बांधून नेणारं पॅकेज शेवटचा पर्याय ठेवा.

परतीचं गणित रविवारी वेगळं असतं. दुपारनंतर सगळं क्विटो शहर सुट्टी संपवून याच महामार्गाने परत निघतं आणि मितात देल मुंदो या विषुववृत्ताच्या स्मारकाजवळ गाड्या तुंबतात. रात्रीचं विमान असेल तर नानेगालितोहून दुपारी एकच्या आत निघा. विमान सोमवारी असेल तर चारपर्यंत आलांबीच्या बागेत हमिंगबर्ड पाहत बसा आणि गर्दी ओसरल्यावर, अंधार पडल्यावर सावकाश चढा. धुक्यात मात्र चालकाला घाई करायला लावू नका.